शंभर पोरांसाठी बर्फ

"अगं, ते दगड सरकवणं पुन्हा सुरू झालं बघ!"

काकूंची हाक आली तेव्हा माझा कुकर तिसऱ्या शिट्टीला आला होता. गॅस बंद करून बाहेर आले. आमच्या आणि त्यांच्या अंगणामधली भिंत कमरेएवढीच आहे. नकाशात ती पाच फुटांची होती म्हणे, पण बांधकाम चालू असताना दोन्ही घरांतल्या बायकांनी गवंड्याला वेळीच आवरलं. त्या दूरदृष्टीचं फळ आम्ही नाशिकच्या इंदिरानगरात आजवर खातो आहोत. भिंतीवर काकूंची मेथीची जुडी, तिला टेकवून उभा केलेला मोबाइल आणि मोबाइलवर चार पोरं बर्फावर काहीतरी जीव तोडून घासताहेत.

"कर्लिंग!" काकू म्हणाल्या. "इटलीत हिवाळी ऑलिंपिक आहे ना. उद्घाटन सहा फेब्रुवारीला, पण यांची गाडी दोन दिवस आधीच सुटते. आणि हे बघ, झाडूचा विनोद आधीच सांगते, करू नकोस. तो सगळ्यांनी करून झालाय. आमच्याकडे तर चारदा झालाय."

आतून अण्णा खाकरले. चारदा कोणी केला ते कळलं.

काकूंना या खेळाचं वेड लागलं ते २०१९ च्या फेब्रुवारीत. हॅलिफॅक्सला लेकीकडे गेल्या होत्या. बाहेर बर्फ, आत हीटर, खिडकीतून दिसणार काय तर समोरच्याची बर्फात बुडालेली गाडी. जावई म्हणाले, आई, कंटाळलात, चला, जगभरातली पोरं खेळायला आलीत, दाखवून आणतो. हॅलिफॅक्सपासून दीड-दोन तासांवर लिव्हरपूल नावाचं गाव आहे. तिथे जागतिक ज्युनियर कर्लिंग स्पर्धा भरली होती, एकवीस वर्षांखालच्यांची.

"लिव्हरपूल म्हणजे ते फुटबॉलवालं?" मी विचारलं.

"सगळे हेच विचारतात. ते इंग्लंडातलं. हे नोव्हा स्कोशियातलं, अडीच-तीन हजार वस्तीचं. नाव तिकडचं उचललं, आणि गावातून नदी जाते तिचंही नाव मर्सीच ठेवलं."

"आपण नाही का गोदावरीला गंगा म्हणत!" अण्णा आता बाहेर आले होते. हातात पेपर, चष्मा कपाळावर. अण्णा नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेत. आयुष्यभर कोरे करकरीत कागद तपासल्यामुळे असेल, पण कुठल्याही गोष्टीकडे ते आधी उजेडात धरून बघतात. "अडीच हजार वस्तीचं गाव आणि जागतिक स्पर्धा? आपल्याकडे एवढ्या वस्तीत दुसरी एसटी मिळायची मारामार."

"म्हणून तर सांगतेय. भव्य काही नव्हतं हो. गावाचं एक आइस रिंक आणि राबणारे सगळे गावचेच. गळ्यात बिल्ला अडकवून दारात उभी असलेली बाई माझ्याएवढी होती. मला वाकायला जमेना, तर तिनं माझ्या बुटांवरचा बर्फ झाडून दिला आणि मग आत सोडलं."

काकू एवढ्या गोष्टीवर सहा-सात वर्षं खूश आहेत. कोण जिंकलं हे त्यांना नंतर लेकीनं सांगितलं: मुलांत कॅनडा, लागोपाठ दुसऱ्या वर्षी. मुलींच्या अंतिम सामन्यात मात्र रशियानं यजमान कॅनडालाच पाणी पाजलं.

एवढ्यात समोरून भाऊंची पिकअप आली. भाऊंचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेज आहे. जानेवारी ते एप्रिल हा माणूस घरच्यांना फक्त झोपलेला दिसतो. रात्रभर कंटेनर भरून सकाळी घरी येतो, भिंतीशी थांबतो, काकू चहा देतात, तो द्राक्षाचा एक खोका ठेवतो. व्यवहार चोख आहे.

"काय चाललंय?" भाऊंनी मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. "काय भो, हे फरशी पुसतायत का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. पाचव्यांदा.

मग काकूंनी मेथी बाजूला सारली आणि शिकवणी सुरू झाली. एका संघात चौघं. प्रत्येकाला दोन दगड, म्हणजे एका डावात दोन्ही संघांचे मिळून सोळा. सामन्याला असे दहा डाव. दगड ग्रॅनाइटचा, वर मूठ, वजन सतरा किलोंपासून पार विसाच्या जवळपास. दीडशे फूट लांब बर्फाची पट्टी, पलीकडच्या टोकाला बारा फुटांचं वर्तुळ. खाली वाकून, एक पाय मागे घसरवत दगड सोडायचा. सोडताना मुठीला थोडा पीळ द्यायचा, म्हणजे जाता जाता तो हळूच वळतो. तो नेमका का वळतो यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण आहे. वर्तुळाच्या मध्याजवळ ज्यांचा दगड त्यांना गुण; समोरच्यांच्या सर्वांत जवळच्या दगडाहून आपले जितके दगड आत, तितके गुण.

"म्हणजे कॅरम," अण्णा.

"कॅरममध्ये स्ट्रायकर बोटाखालून सुटला की आपण नुसते बघत बसतो. इथं खरं काम दगड सुटल्यावरच. दोघं पुढे धावत बर्फ घासतात. घासल्यानं बर्फ किंचित तापतो, घसरण वाढते, दगड लांब जातो आणि कमी वळतो. आणि चौथा पलीकडून ओरडत असतो, घासा, थांबा, घासा! तो कप्तान. अंगमेहनत दुसऱ्यांनी करायची आणि यानं बोंबलायचं."

"हे तर आपल्याकडे आधीपासूनच आहे," भाऊ म्हणाले आणि चहाचा कप भिंतीवर ठेवला.

पण भाऊंची खरी नजर गेली बर्फावर. मोबाइलवर सामन्याआधीची तयारी दाखवत होते. एक माणूस पाठीला टाकी बांधून, हातातली नळी डावी-उजवी झुलवत, उलट्या पावली बर्फाच्या पट्टीवरून मागे मागे चालला होता. नळीच्या तोंडातून बारीक थेंबांचा शिडकावा.

"हा तर आपला फवारणीचा पंप!" भाऊ ओरडलेच. "हा माणूस बागेत काम केलेला आहे, चालीवरून सांगतो. हात बघा, एकसारखा फिरतोय."

"पण औषध नाही, गरम पाणी."

"बर्फावर गरम पाणी?"

"हो. थेंब पडले की तिथेच गोठतात. बर्फ गुळगुळीत नसतोच मुळी, सगळीकडे बारीक फोड. मग एक पातं फिरवून त्या फोडांची टोकं सारखी करतात. दगडाचं बूडही सपाट नाही. आतून खोलगट आहे, कडेची एक पातळ गोल पट्टीच तेवढी टेकते. त्या फोडांवरून दगड जातो तेव्हा घरघर असा आवाज येतो. टीव्हीवर तो कळत नाही. तिथे बाकावर बसल्यावर तो आधी पायांतून वर येतो, मग कानांत जातो."

भाऊ एकदम धंद्यावर आले. बर्फाचं तापमान किती? उणे पाचच्या आसपास. पाणी कसलं? काकूंना जावयांनी सांगितलेलं पाठ होतं: क्षार काढलेलं, निव्वळ शुद्ध. क्षार राहिले तर बर्फ एकसारखा गोठत नाही. आणि हॉलमधली हवा कोरडी हवी, नाहीतर वर दव धरून दगड अडखळतात.

"बरोबर," भाऊ स्वतःशीच म्हणाले. "गारवा करणं सोपं. दमटपणा सांभाळणं म्हणजे जीव जातो. आमचं उलटं. आम्हाला आत दमटपणा लागतो, नव्वद टक्क्यांच्या वर, नाहीतर द्राक्षाची काडी सुकते. पण अर्ध्या अंशासाठी रात्री दोनला उठणं, ते सेम."

अण्णांनी पेपराची घडी घातली. याचा अर्थ आता उलटतपासणी. "किती संघ आले होते म्हणालीस लिव्हरपूलला?"

"मुलांचे दहा, मुलींचे दहा."

"एकेका संघात चार, वर एक राखीव. म्हणजे शंभर पोरं. प्रशिक्षक वगैरे धरून सव्वाशे-दीडशे. आमच्या पुतण्याच्या मुंजीत याहून जास्त पानं उठली. यात कसलं आलंय यजमानपद?"

अण्णांचा हा प्रश्न वरवर चेष्टेचा असला तरी मला तो सोडत नव्हता. नाशिकला पाहुण्यांचं काय कौतुक! दर बारा वर्षांनी कुंभमेळ्यात अख्खा देश आपल्या घाटावर आंघोळीला येतो. यंदा ३१ ऑक्टोबरला ध्वजारोहण, पुढच्या वर्षी, २०२७ च्या ऑगस्टपासून अमृतस्नानं. आतापासून निम्मं गाव उकरलेलं आहे आणि उरलेलं निम्मं उकरायच्या रांगेत आहे. साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायची की नाही यावरून या हिवाळ्यात इतकं रण माजलं की एरवी कधी तपोवनाकडे न फिरकणारे लोकही झाडांना मिठ्या मारून आले. म्हणजे लाखांनी लोक येणार म्हटलं की काय करायचं, कुठं भांडायचं, कुठली गल्ली बंद करायची, हे आपल्याला झोपेतसुद्धा येतं.

पण शंभर पोरं? नेमकी शंभर, प्रत्येकाला ठरल्या वेळी ठरल्या पट्टीवर उभं करायचं, आणि ती पट्टी सकाळी जशी होती तशीच संध्याकाळी हवी, नाहीतर सकाळच्या संघावर अन्याय. गर्दीत एखादी चूक खपून जाते. शंभरात ती जागच्या जागी दिसते. अण्णांना मी तसं म्हणालेही. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, म्हणजे मुद्दा उजेडात धरण्याच्या लायकीचा होता.

"तरुण पोरांचं म्हणशील तर आपण २०२४ ला केलंच की," काकू म्हणाल्या. "राष्ट्रीय युवा महोत्सव. जानेवारीत, बारा ते सोळा. मोदी आले होते तपोवनात उद्घाटनाला, काळारामालाही गेले. शुभंकर म्हणून आपला शेकरू केला होता. केवढा गोड दिसायचा!"

"गोड दिसायचा, आणि दुभाजकही रंगवले होते," अण्णा म्हणाले. "तो महोत्सव होता. नाच, गाणी, भाषणं. तिथे कोणी अर्ध्या सेंटीमीटरनं हरत नाही."

"मग पुण्याचं घ्या."

पुण्याचं नाव निघाल्यावर अण्णांचा आवाज नेहमीच एक पट्टी चढतो, कारण त्यांची सासुरवाडी पुणं. २००८ च्या ऑक्टोबरात पुण्यात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, बारा ते अठरा तारखेपर्यंत. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात. तेव्हा अण्णा मेहुण्याकडे मुक्कामाला होते आणि रोज उठून बालेवाडी गाठत होते. एकाहत्तर देशांची पोरं, नऊ खेळ: कुस्तीपासून टेबल टेनिसपर्यंत. शुभंकर होता जिगर नावाचा वाघ. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांचा शेरा, हा त्याचा धाकटा भाऊ.

"धाकटा भाऊ कशाला म्हणायचं, रंगीत तालीम म्हणा," अण्णा म्हणाले. "२०१० ला दिल्लीत मोठ्यांचं व्हायचं होतं. त्याआधी पोरांवर प्रयोग. पण एक सांगतो, पदकांत आपण पहिले. तेहतीस सुवर्णं! सायना नेहवाल तेव्हा अठरा वर्षांची. तिनं बॅडमिंटनचं एकेरी सुवर्ण घेतलं. नंतर ऑलिंपिकचं पदक वगैरे सगळं. पण मी तिला बालेवाडीत पाहिलंय, हातात पाण्याची बाटली घेऊन पायऱ्यांवर बसलेली."

हे शेवटचं वाक्य दर खेपेला थोडं बदलतं. मागच्या खेपेला ती केळं खात होती.

तालमीचं मात्र अण्णांचं खरं आहे, आणि ते जगभर चालतं. काकूंच्या मोबाइलवर दिसत होतं ते कोर्तिना गावातलं रिंक १९५६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं. त्याची डागडुजी केली आणि मोठ्यांना बोलवण्याआधी तिथे कोणाला खेळवलं? पोरांना. २०२५ च्या एप्रिलमध्ये ज्युनियरची जागतिक स्पर्धा तिथेच झाली. बर्फ नीट धरतो का, दरवाजे वेळेवर उघडतात का, बस चुकते का, हे सगळं वीस वर्षांच्या पोरांच्या पदरात टाकून बघायचं. पोरं बिचारी कुरकुर करत नाहीत, आणि त्यांच्या चुकांची आणि आपल्या चुकांची बातमी पहिल्या पानावर येत नाही. आता २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळालीय. तिथे जाण्याआधी कुठल्या तरी गावात कुठल्या तरी पोरांचं काहीतरी होईलच.

"पण बालेवाडी आयती नव्हती उभी राहिली," अण्णा सोडायला तयार नव्हते. "ते संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलं. चौदा वर्षांनी २००८ ला पुन्हा कामी आलं. पाहुणे गेल्यावर घरच्या पोरांना तिथे काय मिळालं, ते विचारायचं असतं. पुण्याला निदान ट्रॅक मिळाला, तलाव मिळाला."

"बुद्धिबळाला तर तेही लागत नाही," मी म्हटलं. "२०१४ ला जागतिक ज्युनियर बुद्धिबळ पुण्यातच झालं. टेबलं, खुर्च्या, घड्याळं आणि शांतता."

"शांतता!" भाऊ हसले. "नाशकात आणायची कुठून? आणि विदित गुजराथीसारखा पोरगा आपल्या गावचा, तरी जागतिक स्पर्धा पुण्याला."

याला नाशिककराची ठसठस म्हणतात. मुंबई आणि पुणं आणि आपण, असा सुवर्ण त्रिकोण आपण काढतो. बाकीचे दोन कोपरे तो काढतात की नाही, हे कोणी त्यांना विचारलेलं नाही. आपल्याकडे अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचे सामने होतात, आणि त्या मैदानाला सगळे म्हणतात गोल्फ क्लब. तिथे गोल्फ खेळताना मी तरी कोणाला पाहिलेलं नाही. तेव्हा कर्लिंग नसलेल्या गावात कर्लिंगचं मैदान असायला हरकत काय, असा मुद्दा मी मांडला. तो हसण्यावारी गेला.

"हसू नका," काकू माझ्या बाजूनं आल्या. "चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. प्यायला पाणी नाही अशा गावचा पोरगा. विहिरी खणायचं काम केलेला. सैन्यात गेला, तिथे त्याला वल्हं दिलं हातात. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकटा नाव वल्हवून तेरावा आला. गावात नदी नाही म्हणून कोणी त्याला थांबवलं नाही."

"सैन्यानं थांबवलं नाही," अण्णा. "गावात राहिला असता तर?"

"आणि सावरपाड्याची कविता राऊत? हरसूलच्या डोंगरात पाण्याच्या हंड्यांमागे पळणारी पोर. दिल्लीला २०१० मध्ये दहा हजार मीटरला ब्राँझ, त्याच वर्षी चीनमध्ये एशियाडला रौप्य. तिला काय सिंथेटिक ट्रॅक होता पाड्यावर?"

इथे मला काकूंचं पटलं नाही, आणि मी तसं सांगितलं. ट्रॅक नसताना एक कविता निघते, म्हणून ट्रॅक नसला तरी चालतं, हा हिशेब सोयीचा आहे. ज्या निघाल्या नाहीत त्यांची यादी कोणी ठेवत नाही. काकूंनी मेथीची दोन पानं जास्तच जोरात खुडली. आमच्यात असे मतभेद होतात, जेवणाआधी मिटतात.

भाऊंचं मन मात्र थंडीतच अडकलं होतं. "थंडीचं म्हणाल तर निफाडला कमी नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहावर येतो. एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. दवाचे थेंब पानावर गोठतात, पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. लोक म्हणतात नाशिक थंड हवेचं ठिकाण. आम्ही म्हणतो, मण्यांना तडे जातात त्याचं काय?"

"तेवढ्या थंडीनं बर्फ होत नाही," काकू.

"माहितेय. थंडी आमच्याकडं मशिनची आहे." आणि मग भाऊ बोलत सुटले. युरोपला जाणारं द्राक्ष कसं बघितलं जातं ते सांगू लागले. मण्याचा व्यास मोजायचा, गोडी मोजायची, औषधाचा अंश प्रयोगशाळेत तपासायचा. जरा जास्त निघाला तर अख्खी बाग बाद. घड कात्रीनं विंचरायचा, पाचशे ग्रॅमच्या डबीत बसवायचा. तोडल्यापासून काही तासांत मण्याच्या आतली उष्णता काढायची आणि मग शून्य अंशाच्या आसपास ठेवून न्हावाशेवामार्गे रॉटरडॅमला धाडायचा. मध्ये कुठे गारवा तुटला तर तिकडे कंटेनर उघडणाऱ्याला लगेच कळतं. "तिथला माणूस आपल्याला ओळखत नाही, आपण त्याला ओळखत नाही. पण डबी उघडल्यावर त्याला आपलं सगळं घर दिसतं."

अण्णा काही बोलले नाहीत. अण्णांनी काही न बोलणं ही आमच्या गल्लीतली सर्वोच्च दाद आहे.

मला वाटतं, इथेच त्यांच्या मघाच्या प्रश्नाचं उत्तर होतं. शंभर पोरांचं यजमानपद करायला जे लागतं ते नाशिकच्या घाटावर शोधून सापडणार नाही. ते पिंपळगावच्या शेडमध्ये, रात्री दोन वाजता तापमापकावर बॅटरी मारून बघणाऱ्या माणसाकडे आहे. आपण त्याला कधी यजमान म्हणत नाही, व्यापारी म्हणतो.

"पंच कडक असतील ना?" भाऊंनी विचारलं.

"पंच असतात. पण धावत्या दगडाला कोणाचा ब्रश लागला, तर ज्याचा लागला तोच सांगतो. आपला लागला, म्हणून. सामन्याआधी हात मिळवायचे, एकमेकांना शुभेच्छा द्यायच्या. हरतोय हे दिसलं की डाव उरलेले असले तरी स्वतःहून हात पुढे करायचा. त्याला पळपुटेपणा म्हणत नाहीत, रीत म्हणतात. आणि मोठ्यांच्या खेळात जिंकलेले हरलेल्यांना प्यायला घालतात."

"हे शेवटचं इथे जमेल," अण्णा म्हणाले.

"आधीचं?"

"आधीचं सोसायटीच्या निवडणुकीत करून बघू. मग ठरवू."

दगडाचा विषय निघालाच. भाऊ म्हणाले, दगडाला काय तोटा आपल्याकडे, अख्खा सह्याद्री उभा आहे. पांडवलेणी कोरलीत त्यातच. काकूंनी त्यांना जमिनीवर आणलं. आपला काळा पाषाण इथे चालत नाही. हा दगड येतो स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या बेटावरून. निर्मनुष्य बेट आहे, राहतात ते समुद्रपक्षी. तिथला ग्रॅनाइट इतका घट्ट की पाणी पीत नाही, म्हणून गोठून तडकत नाही. स्कॉटलंडमधल्या मॉकलिन गावात केज नावाचा कारखाना १८५१ पासून हेच दगड घडवतोय. एकदा घेतला की दगड पिढ्यान्‌पिढ्या चालतो. झिजला तर पुन्हा घासून आणायचा.

"पाट्याला टाकी लावून आणायची तसं," मी.

"तसंच. फक्त टाकी लावणारा दारावर येत नाही."

मग व्हायचं तेच झालं. बर्फ नाही, दगड नाही, खेळणारी पोरं नाहीत, पण दहा मिनिटांत आमची स्पर्धा भिंतीवर उभी राहिली. आणि उभी राहिल्याबरोबर समिती आली. अण्णा म्हणाले, स्वागताध्यक्ष कोण, ते आधी ठरवा, नाहीतर शेवटी त्यावरूनच मोडतं. आजी आमदार, माजी आमदार, होऊ घातलेले आमदार. तिघांचे फोटो कमानीवर सारख्याच मापाचे हवेत. स्मरणिका निघणार, तिच्यात जाहिराती द्राक्षाच्या औषधांच्या. पाहुण्यांना चिवडा द्यायचा. कोंडाजीचाच, त्यात तडजोड नाही. मिसळीला न्यायचं, पण सामन्याच्या आदल्या दिवशी नाही. हे काकूंनी दोनदा बजावलं, कारण फिनलंडच्या पोरीला नाशिकच्या रश्शानंतर दुसऱ्या दिवशी वाकून दगड सोडायचाय. उद्घाटनाला ढोलपथक. इथे भाऊ कळवळले, ढोलाच्या दणक्यानं बर्फावरचे फोड गळून पडतील हो! ते पडत नाहीत, पण भाऊंना बर्फाची माया लागली होती.

"जागा?" अण्णांनी मुद्द्याला हात घातला.

"माझी शेड," भाऊ म्हणाले. "एप्रिलअखेर हंगाम संपतो. मे ते डिसेंबर मशिनं गप्प. इन्सुलेशन आहे, कॉम्प्रेसर आहेत, माणसं आहेत. ती आठ महिने पत्ते कुटतात."

"लांबी किती?"

भाऊंनी मनात मोजलं. "ऐंशी फूट."

"पट्टी दीडशे फुटांची लागते."

भिंतीवर थोडा वेळ शांतता पसरली. मग काकूंनीच मार्ग काढला. कॅनडातल्या शाळांत लहान पोरांना बर्फाशिवायच शिकवतात म्हणे. शाळेच्या हॉलच्या फरशीवर वर्तुळ अंथरायचं आणि हलके, खाली चाकं लावलेले दगड ढकलायचे. नातू तसंच शिकला. नेम, अंदाज, एकमेकांचं ऐकणं, सगळं त्यात येतं. बर्फ मागाहून.

"मग शेड कशाला? सोसायटीचा हॉल आहे," मी म्हटलं.

"हॉल महिला मंडळाकडे आहे, मंगळवार-शुक्रवार," अण्णा म्हणाले.

"महिला मंडळ मी बघते," काकू म्हणाल्या. "तुम्ही ती चाकं बघा. पिकअपच्या वर्कशॉपमध्ये मिळतील का हो भाऊ, छोटी बेअरिंगची?"

भाऊंनी खिशातून पेन काढलं आणि द्राक्षाच्या खोक्यावरच आकृती काढायला घेतली. गोल काढला, मध्ये मूठ, खाली तीन चाकं. तीन पुरतील की चार लागतील यावरून अण्णांचं आणि त्यांचं जुंपलं. तीन असली तर डुगडुगणार नाही, चार असली तर एक कायम वर राहणार, असं भाऊंचं म्हणणं. अण्णांनी चष्मा नाकावर ओढून खोका स्वतःकडे फिरवला.

"वजन किती धरलंय?" त्यांनी विचारलं. "पहिलीतल्या पोराला झेपलं पाहिजे."